काकांचा पाइप : न ओढताही कळलेली एक वस्तू

आजचा विषय ऐकून काही जण दचकतील. विषय आहे पाइप. नळाचा नव्हे, तंबाखूचा. आधीच सांगून टाकतो, मी तो ओढत नाही आणि तुम्ही ओढावा असं म्हणणारही नाही. पण वर्षानुवर्षं खणात पडलेली ही वस्तू हातात घेऊन नीट पाहिली, साफ केली, तर ती बरंच काही सांगते. आज तेवढंच बोलूया.

पहिला प्रश्न अगदी साधा. लाकडाच्या वाटीत निखारा ठेवायचा, आणि वाटी जळत नाही. हे कसं काय? आपल्या चिलमीचं कोडं सोपं आहे, ती मातीची. युरोपातही आधी मातीचेच पाइप होते. हॉलंडमधलं गौडा आपल्याला चीजमुळे माहीत असतं, पण ते मातीच्या पाइपांसाठीही नावाजलेलं होतं. तुर्कस्तानात एस्कीशेहिरच्या आसपास मीरशॉम नावाचं पांढरं, हलकं खनिज मिळतं, त्याचेही पाइप कोरले जायचे. लाकडाचं गणित जमलं ते १८५० च्या दशकात, फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद या गावी.

आणि हे लाकूडही कुठलंही नव्हे बरं का. भूमध्य समुद्राच्या आसपास एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या खोड आणि मुळांच्या मध्ये जमिनीलगत एक गाठ असते. वणव्यात वरचं झुडूप जळून गेलं तरी या गाठीतून ते पुन्हा फुटतं. पाइप निघेल एवढी मोठी गाठ व्हायला काही दशकं जातात. मग ती खणून काढायची, कापायची, आतला रस निघून जावा म्हणून कित्येक तास उकळायची आणि महिनोन्‌महिने वाळवायची. घट्ट, उष्णता सोसणारं आणि ओल शोषून घेणारं हे लाकूड म्हणजे ब्रायर.

माझ्याकडे आलेला पाइप ब्रायरचा, माझ्या थोरल्या काकांचा. ते मालवाहू जहाजावर होते. १९९४ मध्ये घशाच्या कॅन्सरनं गेले. त्यानंतर पाइप शिलाई मशीनच्या खणात गेला तो तिथंच राहिला. काकूनं तो टाकलाही नाही आणि कुणाला हातही लावू दिला नाही. मागच्या वर्षी घर बदलताना तिनं तो माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "बघ काय करायचं ते. मला दिसायला नको."

पाइपाची अवस्था सांगतो. वाटीच्या आत काजळीचा जाड थर. दांडी हिरवट तपकिरी. आणि वास असा, की पिशवीतून बाहेर काढायला नको.

आतला थर म्हणजे कोळसा. तो थोडा हवाच, कारण तोच लाकडाला आगीपासून वाचवतो. साधारण एक ते दीड मिलिमीटर पुरे. त्याहून जाड झाला तर तापल्यावर तो लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि वाटीला तडा जाऊ शकतो. तो हळूहळू, गोल फिरवत खरवडायचा, टोकदार चाकू वापरायचा नाही. दांडी ओढून काढायची ती पाइप गार असतानाच, आणि सरळ न ओढता हलकेच पिळत. धुराच्या नळीतून स्पिरिटमध्ये बुडवलेले पाइप क्लीनर फिरवायचे, पांढरे बाहेर येईपर्यंत. मला एकोणतीस लागले. वास घालवण्यासाठी वाटीत कापूस भरून त्यावर स्पिरिट सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी कापूस चहासारखा तपकिरी होतो. हे सगळं गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून.

दांडी हिरवी का पडते? ती असते व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. ऊन आणि हवा लागली की पृष्ठभाग बदलतो, गंधकाचा वास येतो. हार्डवेअरच्या दुकानातला बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासला की खालचा काळा रंग परत येतो.

आता गंमत पुढे आहे. वाटी आणि दांडीच्या मधली काळी पट्टी पुसली, तर ती चांदीची निघाली! तिच्यावर भिंगातून दिसतील असे बारके शिक्के. त्यात नांगर होता, म्हणजे चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली. शेजारचं अक्षर वर्षाचं. तक्त्याशी ताडून पाहिलं तर १९५७. हे चांदी तपासल्याचं साल, पाइप विकल्याचं नव्हे. पण काका पहिल्यांदा जहाजावर गेले ते १९५८ साली, तेव्हा हिशेब जुळतो.

शेरलॉक होम्सच्या 'द यलो फेस' या १८९३ च्या गोष्टीत तो विसरून राहिलेल्या पाइपावरून मालक डावखुरा आहे, त्याचे दात भक्कम आहेत, असं ओळखतो. मला वाटायचं ही नुसती लेखकाची करामत. पण काकांच्या पाइपाच्या दांडीवर दातांच्या खोल खुणा होत्या, आणि सगळ्या डाव्या बाजूनं धरल्यासारख्या. घासून त्या घालवता आल्या असत्या. मी ठेवल्या.

काकूला दाखवल्या. तिनं बोटानं चाचपून पाहिल्या. "ह्यांची उजवीकडची दाढ काढली होती ना, तेव्हापासून सगळं डावीकडूनच. भाकरीसुद्धा." मग विचारलं, "वास गेला का रे?" म्हटलं, गेला. "मग असू दे इथंच," म्हणाली.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो टाळून चालणार नाही. पाइप ओढणारे बरेच जण धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो. तसं नाही. पाइपचा धूर अल्कलीयुक्त असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं. तोंड, घसा, स्वरयंत्र, फुप्फुस या सगळ्यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ही शंकाही आजची नाही. १६०४-०५ च्या सुमारास असद बेगनं विजापूरहून तंबाखू आणून अकबरापुढे ठेवली, तेव्हा दरबारातल्या हकिमानं हरकत घेतलीच होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वस्तू आणि व्यसन वेगळं करता येतं, पण त्यासाठी दोन्हींबद्दल खरं बोलावं लागतं. ब्रायरची गाठ सुंदर आहे, कारागिरी सुंदर आहे, आणि तंबाखूनं आमचा माणूस नेला. ही तिन्ही वाक्यं एकाच पाइपाबद्दल आहेत. तुमच्याही घरात कुणाची तपकिरीची डबी, पानाचा डबा, अडकित्ता पडला असेल, तर तो घासून पुसून पाहा. आणि ज्यांना तो आठवतो, त्यांना आत्ताच विचारून घ्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!