संमोहन आणि शस्त्रक्रियेची जखम

१८४५ साली, क्लोरोफॉर्मचा अंमल सुरू होण्यापूर्वी, हुगळी येथे कंपनी सरकारच्या चाकरीतील जेम्स एस्डेल या शल्यविशारदाने संमोहनसदृश तंद्रीत एका कैद्यावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा प्रश्न केवळ वेदनाशमनाचा होता. जखम भरून येण्यावरही चित्ताची सत्ता चालते काय, याची रीतसर तपासणी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने केली. स्तनांचा आकार कमी करण्याची प्लास्टिक सर्जरी झालेल्या १८ स्त्रियांपैकी काहींना केवळ नेहमीचे उपचार, काहींना त्याखेरीज धीराचा सहवास, तर काहींना संमोहनाच्या ८ बैठका लाभल्या. या शेवटच्या गटाच्या जखमा अधिक त्वरेने भरल्या. (संख्या तुटपुंजी, हे कबूल!) चिंतेने वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक ऊतींची जुळणी लांबवते, मन स्वस्थ झाल्यास हा अडसर शिथिल होत असावा.