गरम हवेला वाट

मोटारीचे इंजिन थंड कसे राहते याचा विचार करताना नजर प्रथम समोरच्या जाळीकडे जाते, कारण हवा तेथून आत शिरते हे उघड दिसते. परंतु एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत जसा वारा खेळत नाही, तशी बाहेर पडायला वाट नसलेली हवा रेडिएटरमधूनही पुरेशी वाहत नाही. प्रवाह ठरतो तो रेडिएटरच्या पुढील आणि मागील बाजूंच्या दाबांतील फरकावर, आणि स्पोर्ट्स कारच्या बॉनेटवर, चाकांच्या कमानींवर किंवा कुशींवर दिसणाऱ्या बहुतेक झरोक्यांचे खरे काम हा मागील दाब उतरवणे हेच असते.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच उपयोगी कामात उतरते. जवळपास तेवढीच एक्झॉस्टवाटे निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग कूलंट, म्हणजे इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरणारे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, रेडिएटरपर्यंत वाहून आणते. तेथे किती उष्णता हवेत जाईल हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. कूलंट १०० अंश सेल्सियसला असताना युरोपातील १५ अंशांच्या हवेशी हे अंतर ८५ अंशांचे भरते, तर मे महिन्यातील दुपारी हैदराबादच्या आबिड्स चौकात, पारा ४० वर असताना, ते ६० अंशांवर येते. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून पाचशेहून अधिक मीटर उंच असल्याने तेथील तापलेली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक सप्तमांशाने विरळ असते. दोन्ही परिणाम एकत्र धरले, तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेबरोबर निघून जाणारी उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते.

त्यात वेगाचा प्रश्न मिसळतो. पुढून आदळणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे या विरळ हवेत ताशी ३० किलोमीटर वेगाला तो सुमारे ४० पास्कल इतकाच असतो आणि ताशी २०० किलोमीटरला सुमारे १,६०० पास्कलपर्यंत चढतो. गर्दीच्या रस्त्यावर म्हणूनच सारी भिस्त पंख्यावर असते. आबिड्सला ज्यांच्या दुकानामुळे हे नाव मिळाले ते आल्बर्ट आबिद सहाव्या निजामांच्या, महबूब अली खान यांच्या, सेवेत होते, आणि त्याच निजामांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आज चौमहल्ला राजवाड्यात आहे. मिरवणुकीच्या संथ चालीसाठी घडवलेल्या अशा गाडीला वेगाच्या वाऱ्याचा आधार कधीच नसतो. थांबलेल्या गाडीत बॉनेटवरील झरोके गरम हवेला आपोआप वर निघून जाऊ देतात, हा त्यांचा दुय्यम पण उष्ण प्रदेशात मोलाचा गुण आहे.

झरोका कोठे कापावा, याबाबत मात्र हौशी मंडळींचा मोठा गैरसमज आढळतो. काचेलगतची बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलली की गरम हवा तेथून निघून जाईल, असे मानले जाते. प्रत्यक्षात बॉनेटवरून येणारा प्रवाह उभ्या काचेशी अडतो, तेथे दाब वाढतो आणि वेग असताना हवा त्या फटीतून उलट आत शिरते. त्यामुळे रेडिएटरमागचा दाब चढतो आणि थंडावा कमी होतो. दाब सर्वांत कमी असतो तो बॉनेटच्या पुढच्या भागात, जेथे नाकावरून वळणारी हवा वेग घेते. रेडिएटरच्या लगेच मागे, त्याच पट्ट्यात काढलेला आणि पुढच्या कडेला लहानशी उभी पट्टी बसवलेला झरोका हवा अक्षरशः ओढून घेतो, आणि गाडीखाली साचू पाहणारी हवा वर निघून गेल्याने पुढची चाके उचलली जाण्याची प्रवृत्तीही घटते.

मधोमध इंजिन असलेल्या गाड्यांत अडचण उलटी, म्हणजे हवा आत घेण्याची असते, कारण पत्र्यालगत घर्षणाने मंदावलेल्या हवेचा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, कुशीवरून सरकत असतो. १९७१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या लँबोर्गिनी काउंटाकच्या पहिल्या नमुन्यावर केवळ सुबक कल्ल्यांसारख्या फटी होत्या; चाचण्यांत इंजिन तापू लागले, आणि उत्पादनाला गेलेल्या गाडीला खांद्यांवर पेटीसारखी हवातोंडे व कुशींवर नाका पद्धतीच्या खोलगट वाटा द्याव्या लागल्या. अमेरिकेच्या नाका या विमानसंशोधन संस्थेने १९४० च्या दशकात विकसित केलेल्या या वाटेच्या पसरत जाणाऱ्या कडा लहान भोवरे निर्माण करतात आणि ते भोवरे बाहेरची वेगवान हवा आत खेचतात. पोर्शच्या अलीकडच्या ९११ जीटी३ आरएसमध्ये तर बाहेर पडलेल्या हवेचाही विचार केलेला दिसतो: पुढच्या झाकणावरील दोन नाकपुड्यांतून निघालेली गरम हवा छपरावरील उभे पंख बाजूला वळवतात, म्हणजे मागच्या इंजिनाला ती श्वासात घ्यावी लागत नाही. झरोक्यांच्या रचनेतला इतका सखोल विचार क्वचितच पाहायला मिळतो.

आबिड्सच्या उत्तरेला, हुसेनसागराच्या काठी, ११ फेब्रुवारी २०२३ रोजी २.८३ किलोमीटरच्या तात्पुरत्या मार्गावर फॉर्म्युला ई ही विजेरी गाड्यांची शर्यत झाली. ज्यां-एरिक व्हेर्न्य तीत विजयी ठरला आणि महिंद्र रेसिंग हा भारतीय संघही तीत उतरला होता. विजेच्या मोटारी उष्णता फार कमी वाया घालवतात, तरीही थंड करण्याचा प्रश्न तेथे अधिक नाजूक होतो. या गाड्या ब्रेक लावताना ६०० किलोवॉटपर्यंत वीज परत बॅटरीत भरतात, म्हणजे वळणावळणांच्या मार्गावर बॅटरीवर मोठा ताण नेमका वेग उतरत असताना, वारा क्षीण होत असताना पडतो. लिथियम-आयन बॅटरी सुमारे ६० अंशांपलीकडे जाऊ देणे धोक्याचे असल्याने तेथे ३० अंशांच्या हवेशी अंतर जेमतेम ३० अंशांचे मिळते. पारा ४० वर गेला की ते २० अंशांवर येते आणि तेवढीच उष्णता घालवायला ढोबळमानाने दीडपट क्षमतेची व्यवस्था लागते, तर १०० अंशांच्या कूलंटवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात हीच वाढ अंतर ७० वरून ६० वर आणते.