जहाजावरील उपकरणे आणि घड्याळांचा मेळ

कोलकात्यात हुगळीच्या काठी वसलेल्या गार्डन रीच येथील जहाजबांधणी कारखाना १९६० मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतला. याच कारखान्याने बांधलेले ‘आयएनएस संधायक’ हे सर्वेक्षण जहाज ३ फेब्रुवारी २०२४ रोजी नौदलात दाखल झाले. समुद्राची खोली मोजणे हे अशा जहाजाचे प्रमुख कार्य होय. आधुनिक जहाजावर स्थाननिर्देशक, दिशादर्शक, खोलीमापक अशी निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांस सतत माहिती पुरवितात. त्यासाठी जगभर रूढ असलेल्या ‘एनएमईए ०१८३’ या मानकानुसार माहिती सेकंदाला ४,८०० बिट या वेगाने, एकामागून एक बिट अशी धाडली जाते.

या पद्धतीत दोन्ही उपकरणांना समाईक घड्याळ नसते. प्रत्येक अक्षरापूर्वी एक आरंभ बिट येतो, त्यामागून आठ माहिती बिट व शेवटी एक समाप्ती बिट. आरंभ बिटाची चाहूल लागताच ग्राहक उपकरण आपले घड्याळ जुळविते आणि प्रत्येक बिटाच्या मध्यावर वाचन करते. शेवटचे वाचन साडेनऊ बिटांच्या अंतरावर होते. तोपर्यंत साचलेली तफावत अर्ध्या बिटाहून कमी असली पाहिजे. म्हणजेच दोन्ही घड्याळांतील कमाल फरक सुमारे ५.२ टक्के. आरंभाची चाहूल एका बिटाच्या सोळाव्या भागापर्यंत उशिरा लागू शकते, हे धरता मर्यादा ४.६ टक्क्यांवर येते. ती दोघांत वाटून प्रत्येक उपकरणाने दोन टक्क्यांच्या आत राहावे, हा सुरक्षित नियम होय.

क्वार्ट्झ स्फटिकाची चूक टक्क्याच्या शतांशाहूनही कमी असते. अडचण बहुधा भागाकारात उद्भवते. १६ मेगाहर्ट्झ स्फटिकावरून, सोळा पट नमुने घेऊन, १,१५,२०० बिटांचा वेग साधावयाचा झाल्यास भाजक ८.६८ येतो. तो पूर्णांकात ९ घेतल्यास साडेतीन टक्के चूक होते. ११.०५९२ मेगाहर्ट्झ स्फटिक वापरल्यास भाजक नेमका ६ येतो.

स्फटिकाऐवजी चिपमधील स्वस्त दोलक वापरल्यास त्याचा वेग तापमानानुसार बदलतो. कार्यशाळेत निर्दोष ठरलेले उपकरण यंत्रकक्षाच्या उष्णतेत चुकू लागते. चूक प्रथम समाप्ती बिटावर दिसते, अक्षर नाकारले जाते आणि ऐन उथळ पाण्यात खोलीचा आकडा पडद्यावर येत नाही. म्हणून दोन्ही उपकरणांची चाचणी तापमानाच्या दोन्ही टोकांना एकत्रितपणे घेणे आवश्यक ठरते.