स्वरवाक्य आणि विराम : पेटीवादनावरील अभिप्रायाविषयी

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते; औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला, अशीही श्रद्धा आहे. अभंगाशी इतके जवळचे नाते असलेल्या या परिसरात भजनाला पेटीची साथ करावयास शिकणाऱ्याला ‘हात स्वच्छ आहे, पण भाव नाही’ असे सांगितले, तर त्याने नेमके काय करावे? अभिप्राय खरा असू शकेल. परंतु उद्या काय बदलावयाचे, हे त्यातून कळत नाही. मग तो हरकती वाढवितो आणि अभंगाचे शब्दच त्यांखाली झाकले जातात. भावाविषयीचा अभिप्राय पडताळून पाहता येईल अशा शब्दांत कसा द्यावा, याचा भाषाविज्ञानाच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

बोलण्यातील अर्थ केवळ शब्दांनी सिद्ध होत नाही. ‘तो थांबला नाही गेला’ हे चार शब्द घ्यावेत. ‘नाही’नंतर विराम घेतल्यास मनुष्य निघून गेला असे होते, ‘थांबला’नंतर घेतल्यास तो येथेच आहे. विराम, आघात आणि स्वराचा चढउतार यांनी वाक्याचे अवयव वेगळे होतात. संगीतातही स्वरांचा जो समूह एका दमात, एक घटक म्हणून ऐकू येतो, त्यास स्वरवाक्य म्हणता येईल. त्याची सीमा चुकली की स्वर अचूक असूनही आशय बिघडतो.

मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात : पहिले तीन सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अखेरीस येते. त्यामुळे वादकाचा हात तिसऱ्या चरणाच्या यमकावर थांबू पाहतो. वाक्य मात्र पुष्कळदा चौथ्या चरणात पुरे होते. मध्येच लांब तान घातली, तर क्रियापद आपल्या कर्त्यापासून तुटते. अशा वेळी शिक्षकाने म्हणावे : ‘तिसऱ्या चरणाच्या शेवटच्या अक्षरावर तू थांबलास, वाक्य तेथेच संपल्यासारखे वाटले, आता चौथ्या चरणापर्यंत एका दमात जाऊन पाहा.’ यात स्थळ आहे, परिणाम आहे आणि करून पाहण्याजोगा प्रयोगही आहे. दोन्ही रीती वाजवून शिष्य स्वतः ऐकू शकतो. शिक्षकाचा तर्क फसला असेल, तर तेही उघड होते.

दुसरी गोष्ट वाद्याच्या मर्यादेची. पियानोत पट्टी किती वेगाने दाबली, यावर नादाचे बळ ठरते. नाद एकदा उमटला की तो विरतच जातो. तेथे दीर्घ स्वर वाढवीत नेण्यास सांगणे व्यर्थ होय. पेटीत भात्याच्या दाबाने तोच स्वर वाढविता येतो. मात्र भात्याचा झटका चरणाच्या मध्यावर बसला, तर नको त्या अक्षरावर आघात पडतो. हा दोष वादकाचा आहे, आणि तो सुधारता येतो. मींड न निघणे ही मात्र दोन्ही वाद्यांची मर्यादा आहे. अशाच उणिवांवर बोट ठेवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ साली शिथिल झाली. वाद्याची उणीव शिष्याच्या पदरी बांधणे अन्यायाचे होय.

शेवटी, एखाद्या कडव्यात दोन ठिकाणचे विराम सारखेच अर्थपूर्ण असू शकतात. तेथे ‘चुकले’ न म्हणता ‘मी येथे थांबलो असतो’ असे म्हणावे, व कारण द्यावे. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी गुरुशिष्यांनी कडवे मोठ्याने वाचून विरामांच्या जागा ठरवाव्यात. मग अभिप्राय शिष्याच्या अंतःकरणाविषयी राहत नाही, त्याने वाजविलेल्या वाक्याविषयी होतो. आणि वाक्य दुरुस्त करता येते.