दोन औषधे, एक गोळी

रक्तदाबाच्या गोळीच्या वेष्टनावर एकाऐवजी दोन औषधांची नावे आढळली, की आजार हाताबाहेर गेला अशा समजुतीने माणसे धास्तावतात आणि कित्येकदा परस्पर गोळी सोडून देतात. म्हणून या समजुती एकेक तपासून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : दुसरे औषध जोडण्यापेक्षा पहिल्याचीच मात्रा वाढवणे बरे.

वस्तुस्थिती : एका वाटेने दाब उतरवला, की शरीर दुसऱ्या वाटेने तो पूर्वपदावर आणू पाहते. नुसत्या हायड्रॅलाझिनने रोहिण्या सैल केल्या, तर हृदयाची गती वाढते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवतात. थायाझाइडची जोड दिली, की ते मीठपाणी लघवीवाटे निघून जाते व पहिल्या औषधाचा अंमल टिकतो. ज्या सर्पगंधेचे गुण मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 साली पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले, तिच्यातील रेसर्पिन या दोहोंत मिळवूनच, तीव्र रक्तदाबावरील उपचाराने पक्षाघातासारखे अनर्थ टळतात, हे अमेरिकेत 1967 साली सिद्ध झाले. पुढे 42 चाचण्यांच्या 2009 मधील एकत्रित अभ्यासात, मात्रा दुप्पट करून दाब जितका आणखी उतरतो, त्याच्या सुमारे पाचपट तो वेगळ्या वर्गातील औषध जोडल्याने उतरतो, असे दिसले.

गैरसमज : गोळीने पाय सुजले, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली.

वस्तुस्थिती : सूज डॉक्टरांना दाखवावीच; पण अॅम्लोडिपिन घेणाऱ्याच्या घोट्यावर संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, त्याचे कारण बहुधा निराळे असते. हे औषध सूक्ष्म रोहिण्या रुंदावते, नीला मात्र तितक्या रुंदावत नाहीत, आणि मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. टेल्मिसार्टन नीलांनाही सैल करते. म्हणून दोन्ही एकत्र दिल्यास ही सूज पुष्कळदा कमी होते.

गैरसमज : मग कोणतीही दोन औषधे एकत्र घ्यावीत.

वस्तुस्थिती : रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन ही एकाच यंत्रणेवर काम करणारी औषधे 2008 च्या एका मोठ्या चाचणीत एकत्र दिली, तेव्हा लाभ वाढला नाही, उलट मूत्रपिंडांचे उपद्रव वाढले.

तेव्हा औषधांची जोडी डॉक्टरांनी ठरवावी, आपण ती नेमाने घ्यावी, आणि दाब उतरलेला दिसला तरी त्यांना विचारल्याखेरीज एकही गोळी बंद करू नये. कारण तो उतरलेला असतो, तो बहुतेक त्या गोळीमुळेच.