व्हायकिंगांची शिंगं, शनिवारवाड्याचं दार

लेगोचा तुकडा कापायचा नाही, रंगवायचा नाही आणि चिकटवायचा तर मुळीच नाही. मोठेपणी या छंदात पडलेल्या बहुतेकांचा हा अलिखित कायदा आहे. कंपनीच्या साच्यातून जे निघालं तेवढंच घ्यायचं आणि कंपनीच्या मनातही कधी आलं नसेल असं काहीतरी त्यातून उभं करायचं. माझा मामेभाऊ मूळचा सदाशिव पेठेतला, आता कित्येक वर्षं जर्मनीत नोकरीला. त्याने हा कायदा पाळून शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बांधला. तो प्रदर्शनात मांडायचा तर आणखी दोन हात हवे होते, म्हणून मी गेले.

प्रदर्शन उत्तर जर्मनीतल्या एका गावच्या क्रीडासंकुलात होतं. लोक येणार शनिवारी, पण मांडणाऱ्यांची लगबग आदल्या दुपारपासून. बास्केटबॉलच्या रेघा आखलेल्या जमिनीवर लांबलचक टेबलं, त्यांवर काळं कापड, आणि मागच्या दाराने आत येणारे केळ्यांचे खोके. पुठ्ठ्याचे हे खोके सुपरमार्केटात मागितले की मिळतात, मजबूत असतात आणि गाडीत एकावर एक बसतात. त्यांतून निघत होतं ते मात्र खोक्यागणिक वेगळं. कुणाचं बंदर क्रेनसकट, कुणाचं मध्ययुगीन गाव, कुणाचं हातभर लांबीचं अवकाशयान. माणसं बहुतेक चाळिशी-पन्नाशीतली. लहानपणी खेळले, मिसरूड फुटल्यावर खेळणं माळ्यावर गेलं, आणि पुढे पोरांच्या निमित्ताने परत हातात आलं, अशी जवळजवळ प्रत्येकाची कहाणी. मधल्या कोरड्या वर्षांना ही मंडळी ‘डार्क एज’ म्हणतात. दादाला ते लागूच नाही. आमच्या लहानपणी पेठेत लेगो होतं कुणाकडे? मेकॅनो असायचं, तेही एखाद्याच घरी, आणि त्याचे स्क्रू हरवलेले. दादाने पहिली लेगोची वीट हातात घेतली तेव्हा त्याचे केस पिकायला लागले होते.

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी 1730 च्या जानेवारीत घातला आणि दोन वर्षांत वाडा उभा राहिला. पुढे 1828 मध्ये आग लागून आतलं लाकडी काम गेलं, पण तट, बुरूज आणि दरवाजे राहिले. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा सगळ्यांत मोठा. त्याच्या एकेका फळीवर 72 टोकदार खिळे आहेत, नऊ-आठच्या ओळींत. हत्तीने मस्तकाने धडक देऊ नये म्हणून ते बरोबर त्या उंचीला ठोकलेले. सहलीला गेलेल्या प्रत्येक पुणेरी पोराने ते मान वर करून पाहिलेले असतात. दादाने मॉडेलचं माप ठरवलं ते इमारतीवरून नाही, या खिळ्यांवरून.

आधी मला हे उलटं वाटलं. पण सुताराला लाकूड हव्या त्या मापात कापता येतं, लेगोवाल्याला नाही. त्यामुळे सगळ्यांत लहान, सगळ्यांत अडचणीची गोष्ट कोणत्या तुकड्यातून निघेल हे आधी शोधायचं आणि बाकीची इमारत त्या तुकड्याच्या मापाने मोठी करत न्यायची. लेगोचा माणूस 4 सेंटिमीटर उंच. त्याच्याशेजारी शोभेल असा खिळा दादाला सापडला तो व्हायकिंगांच्या डोक्यावर. 2005 मध्ये लेगोने व्हायकिंगांचे संच काढले होते. त्यांच्या शिरस्त्राणाला दोन बाजूंनी खोचायची बारकी शिंगं त्यात आली. तसलं शिंग एका स्टडच्या, म्हणजे एकच गोल उंचवटा असलेल्या, गोल प्लेटीत, तिच्या वरच्या पोकळ स्टडमध्ये, नीट बसतं. दोन फळ्यांना शिंगं लागतात 144. असे सुटे तुकडे विकणारी दुकानं ब्रिकलिंकवर आहेत. 2000 सालापासून चाललेला हा ऑनलाइन बाजार, 2019 मध्ये खुद्द लेगोनेच विकत घेतला. दादाची शिंगं वेगवेगळ्या देशांतल्या विक्रेत्यांकडून पाकिटापाकिटाने जमली.

दोन शेजारी स्टडच्या मध्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर. म्हणजे आठ खिळ्यांची फळी 64 मिलिमीटर रुंद, आणि दोन फळ्यांचं दार पावणेतेरा सेंटिमीटरच्या किंचित वर. खऱ्या दाराच्या मानाने हे जरा रुंदच झालं, हे दादाही कबूल करतो. “पण ते आठ मिलिमीटर कुणाच्या बापाला बदलता येत नाहीत. मग वाड्यानेच थोडं सरकून घ्यायचं,” असं त्याचं म्हणणं.

खरी गंमत पुढे आहे. खिळे समोर रोखलेले हवेत, म्हणजे दाराचे स्टड वर नाही, समोर बघायला हवेत. भिंत मात्र नेहमीसारखी, विटेवर वीट, स्टड आकाशाकडे. दोन दिशांना बांधलेले हे भाग एका चौकटीत बसवायचे तर हिशेब लागतो, कारण लेगोची वीट जेवढी रुंद तेवढी उंच नाही. रुंदी 8 मिलिमीटर, उंची 9.6. पातळ प्लेट विटेच्या एक तृतीयांश, म्हणजे 3.2. आता पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की 16 मिलिमीटर होतात, बरोबर दोन स्टड. पाच विटा ठेवल्या की 48, बरोबर सहा स्टड. या छंदातल्या माणसाला हे दोन आकडे पाढ्यांसारखे तोंडपाठ असतात. दादाने चौकट पंधरा विटा उंच घेतली, म्हणजे 144 मिलिमीटर, म्हणजे आडव्या बांधणीचे अठरा स्टड. वरच्या नऊ ओळींत खिळे, खालच्या नऊ ओळींच्या उंचीत उजव्या फळीतला दिंडी दरवाजा. आणि दार फिरलं पाहिजे म्हणून चौकटीवर एका प्लेटीची मोकळीक. ती 3.2 मिलिमीटरची फट झाकायला वर कमानीची कड किंचित पुढे आणलेली आहे. बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर नक्षी काढली आहे!

लेगोचे स्वतःचे डिझायनर याहून सोवळे असतात. स्टडचा व्यास 4.8 मिलिमीटर, म्हणून दोन स्टडमधली फट 3.2 आणि प्लेटची जाडीही 3.2. कागदावर प्लेट त्या फटीत उभी राहते. हातातही राहते, पण तिला इकडे-तिकडे व्हायला तसूभर जागा उरत नाही आणि तुकड्यावर ताण येतो. म्हणून विक्रीच्या संचात असला जोड करत नाहीत. त्याला ‘इल्लीगल’ म्हणतात. कोणते जोड चालणार नाहीत हे एका सादरीकरणात समजावून दिलं होतं जेमी बेरार्डने. तो स्वतः आधी हौशी बांधणारा, नंतर कंपनीत डिझायनर झाला आणि 2007 मध्ये त्याचं ‘कॅफे कॉर्नर’ आलं. प्रौढ ग्राहकांसाठीच्या मोठ्या इमारतींची रांग त्यापासून सुरू झाली. हौशी लोक ही बंधनं कधी पाळतात, कधी नाही. पण तोडताना आपण काय तोडतोय ते त्यांना नक्की माहीत असतं.

माझ्या वाट्याला शिंगं आली. चिकटवलेली नसल्यामुळे प्रवासात ती गळतात, म्हणून जागेवर पोचल्यावरच लावायची. चिमट्याने एक उचलायचं, गोल प्लेटीच्या भोकावर टेकवायचं आणि बोटाच्या पेराने दाबायचं. कमी दाबलं तर पडतं. जास्त दाबलं तर खालची प्लेट गर्रकन फिरते. त्यात शिंग सरळ नाही, त्याला बाक आहे. बाक सगळ्यांचा एकाच दिशेला, खाली हवा, नाहीतर दार दात विचकून बघतंय असं दिसतं. “अगं, वरून सुरू कर, खालून नको. मनगट लागून खालची निघतात,” दादाने सांगितलं तोवर दोन ओळी झाल्या होत्या. मध्येच एखादं सुटून काळ्या कापडावर पडायचं आणि काळ्यावर काळं शोधत बसावं लागायचं. मग मी मोबाइलचा दिवा कापडालगत आडवा धरायला लागले, म्हणजे शिंगाची सावली लांब पडते. शेवटी मऊ ब्रशने धूळ झटकायची. ब्रश मेकअपचा असतो. सभागृहात मिशाळ बाप्यांच्या खिशातून गालाला लाली लावायचे ब्रश निघत होते.

शेजारच्या टेबलावर चेंडूंचं यंत्र जुळत होतं. लेगोच्या प्रदर्शनात मला सगळ्यांत शहाणं वाटलं ते हे. अनोळखी माणसं आपापल्या घरी एकेक यंत्र बनवून आणतात आणि इथे ती एकाला एक जोडतात. कुणी रहाटगाडग्याने चेंडू उचलतो, कुणी पायऱ्यांवरून चढवतो, कुणी चक्क फेकतो. नियम थोडेच. डावीकडच्या शेजाऱ्याकडून सेकंदाला सरासरी एक चेंडू घेता आला पाहिजे, एका दमात तीसपेक्षा जास्त पुढे ढकलायचे नाहीत, आणि चेंडू घ्यायची पेटी दहा स्टड बाय दहा स्टडची. मधे त्या चेंडूचं तुम्ही काय करता ते तुमचं तुम्ही बघा! अमेरिकेतल्या हौशींनी 2005 च्या सुमारास घालून दिलेली ही शिस्त आता जगभर चालते. त्या रात्री एक यंत्र सारखं अडत होतं. त्याचा मालक पोटरीएवढ्या उंचीच्या स्टुलावर बसून, एका दातेरी चाकाकडे डोळे लावून, पुन्हा पुन्हा चालू-बंद करत होता. बाकीचे आपापली कामं सोडून मागे उभे. कुणी सल्ला देत नव्हतं, हे मला विशेष वाटलं. आपल्याकडे एव्हाना सात जणांनी हात घातला असता.

चिकटवण्याबद्दल मात्र सगळ्यांची मतं ठाम. न्यूयॉर्कचा नेथन सवाया वकिली सोडून लेगोचा शिल्पकार झाला आणि त्याची ‘द आर्ट ऑफ द ब्रिक’ प्रदर्शनं देशोदेशी फिरतात. तो विटा गोंदाने चिकटवतो. संग्रहालयात ठेवायची, विमानाने पाठवायची शिल्पं म्हटल्यावर दुसरा मार्गही नाही. पण या सभागृहात त्याचं नाव काढलं की लोक आदराने मान डोलावतात आणि विषय बदलतात. मला त्यांची बाजू पटली. चिकटवलेली वस्तू पुतळा होते. न चिकटवलेल्या वस्तूत तिचं बांधकाम जिवंत राहतं, ते उलगडून बघता येतं. ब्रूस लॉवेलने 2002 मध्ये विटांचा गोल बांधायची जी पद्धत काढली ती अशीच पसरली. गाभ्याला सहा बाजूंनी स्टड, त्यांवर सहा सारखे फुगीर भाग, की गोळा तयार. त्या सभागृहात तो गोळा कुठे घुमट होता, कुठे झाडाचा शेंडा, कुठे हिममानवाचं पोट.

इथे येण्याआधी आम्ही डेन्मार्कमध्ये बिलुंडला जाऊन आलो होतो. ओले कर्क क्रिस्तियानसेनची सुतारशाळा 1932 पासून खेळणी करू लागली ते हे गाव. विटेचं आजचं रूप, आतल्या नळ्यांसकट, 28 जानेवारी 1958 ला पेटंटसाठी नोंदवलं गेलं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. 2017 मध्ये उघडलेल्या लेगो हाउसच्या माथ्यावर एक दालन फक्त हौशी बांधणाऱ्यांच्या कामासाठी ठेवलेलं आहे. कंपनीने आपल्या घरातली सगळ्यांत वरची खोली गिऱ्हाइकांना दिली, याचं मला कौतुक वाटलं. दोन बाय चारच्या सहा सारख्या विटा 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, हा आकडाही लेगोवाले हौसेने सांगतात. कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी तो मांडला. दादाला या आकड्याचं फारसं अप्रूप नाही. त्यातल्या किती रचना टेबलाला धक्का बसला तरी उभ्या राहतील, हे कुणी मोजलंय का, एवढंच तो विचारतो.

शनिवारी दारं उघडली आणि दोन जातींचे प्रेक्षक लगेच कळायला लागले. पहिली जात विचारते, किती तुकडे, किती दिवस, किती पैसे. दादाने उत्तरांचं कार्डच छापून ठेवलं होतं. दुसरी जात स्वतः बांधणाऱ्यांची. ही माणसं समोरून फार वेळ बघत नाहीत. वळसा घालून मागे येतात, गुडघ्यावर बसतात, चौकटीच्या आतून डोकावतात आणि बोट न लावता हवेतच मोजतात. नेदरलँड्सहून आलेल्या एका बाईंनी खिळे ओळखले आणि खुदकन हसल्या. मग त्यांची नजर बुरुजावर गेली. दगड फारच एकसारखा दिसतोय, त्या म्हणाल्या. लेगोने 2004 मध्ये आपले दोन्ही करडे रंग बदलले. जुना करडा किंचित पिवळट, नवा निळसर. जुन्या लोकांचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण झिजलेला दगड करायला हे दोन करडे एकत्र फार कामाला येतात. बाईंकडे जुन्या करड्या विटांची पिशवी गाडीत होती. त्यांना शिंगं हवी होती, ड्रॅगनच्या पाठीसाठी. दादाकडे पडझडीसाठी आणलेली जास्तीची पन्नासेक निघाली.

सौदा जागच्या जागी झाला. रविवारी संध्याकाळी पाचला प्रेक्षकांना बाहेर काढल्याबरोबर बाकीचे खोके भरायला लागले. दादाने विटा सोडवायचा नारिंगी सेपरेटर काढला आणि उजवा बुरूज वरून उतरवायला घेतला. मी म्हटलं, “अरे, घरी जाऊन कर ना.” तो म्हणाला, त्या बाई सहाला निघणार आहेत, त्याआधी चार थर त्यांना दाखवायचेत.