ठरलं किती, गेलं किती? सीटी स्कॅनच्या डायची नोंद

डायग्नोस्टिक सेंटरच्या रेकॉर्डवरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यातला डायचा भाग इथं सविस्तर लिहितोय.

आपल्या बिद्रीच्या कारखान्यावर ऊस गेला की अंदाजानं बिल निघतं का? भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी काट्यावर, मधला फरक तो ऊस. सीटीच्या वेळी शिरेतून जे आयोडीनचं औषध देतात, ज्याला आपण डाय म्हणतो, त्याचाही हिशेब असाच पाहिजे. पण काही ठिकाणी ठरलेला आकडाच ‘दिला’ म्हणून फाइलला लागतो.

समजा, 350 ताकदीचं औषध आहे, म्हणजे 1 मिलीत 350 मिलीग्रॅम आयोडीन. ठरलं 80 मिली, सेकंदाला 4 मिली. म्हणजे 20 सेकंदांत 28 ग्रॅम आयोडीन. इंजेक्टर सुरू झाला, पेशंटचा हात सुजायला लागला, टेक्निशियननं 13व्या सेकंदाला मशीन थांबवलं. गेले 52 मिली, त्यातलेही काही शिरेबाहेर. फाइलवर मात्र 80 च!

आता रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरला रक्तवाहिन्या फिक्या दिसणार. औषध कमी गेलं की रक्तप्रवाहातच अडचण आहे, हे त्यांनी कशावरून ओळखायचं? शिवाय संध्याकाळी पेशंट सुजलेला हात घेऊन आला तर तुमच्याकडं दाखवायला काय आहे?

इंजेक्टर प्रत्यक्ष गेलेले मिली, वेग आणि दाब दाखवतो. ते आकडे त्याच वेळी उतरवा. मागून ढकललेलं सलाइन वेगळं लिहा, डायमध्ये मिळवू नका. स्कॅनच्या फोटोंसाठी जे डायकॉम मानक आहे, त्यातसुद्धा नियोजित आणि प्रत्यक्ष अशा दोन वेगळ्या नोंदींची सोय आहे. सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला हे नक्की विचारा. तोवर साधं रजिस्टर चालतंय की! औषधाचं नाव, ताकद, बॅच नंबर, सुई कुठं टोचली, कितीची, क्रिएटिनिन, वेळ, सही. बॅच नंबर लिहायचा कंटाळा करू नका. कंपनीनं एखादी बॅच परत मागवली तर पेशंट शोधायचा तोच एक धागा.

रिअ‍ॅक्शन आली असेल तर पेशंटच्या हातातल्या रिपोर्टवरही लिहून द्या. नुसतं ‘डायची अ‍ॅलर्जी’ नको. कुठलं औषध, काय झालं, किती वेळानं, हे सगळं. पुढचा स्कॅन तो कदाचित कोल्हापुरात नाहीतर मिरजेला करेल, आणि तिथल्या डॉक्टरकडं तुमचं रजिस्टर नसणार.